प्रतिसाद: ब्राउझरमधून एफटीपी का उघडत नाही
ब्राउझरमध्ये एफटीपीचा, म्हणजे इंटरनेटवरून फाइली पाठवण्या-घेण्याच्या जुन्या पद्धतीचा, पत्ता उघडत नाही, ही आपण मांडलेली अडचण आपल्या संगणकाची नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली, त्यामुळे आता फाइलझिलासारखा स्वतंत्र प्रोग्राम घ्यावा. मात्र सर्व्हरवर सोय असेल, तर २१ क्रमांकाच्या पोर्टवरील (पोर्ट म्हणजे सर्व्हरशी जोडणीचे क्रमांक दिलेले दार) साध्या एफटीपीऐवजी २२ वरील एसएफटीपी, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणारी सुरक्षित पद्धतच, निवडावी, अशी कळकळीची विनंती आहे, कारण साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा जसाच्या तसा, वाचता येईल असा जातो. गेल्या पावसाळ्यात मुलुंडला आमच्याकडे वीज गेली आणि सर्व्हरवर चढत असलेली गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची फाइल निम्म्यावरच तुटली. पुन्हा जोडणी केल्यावर 'रिझ्यूम' निवडले, तेव्हा ती तिथूनच पुढे चढली. नंतर आपल्या संगणकावरील आणि सर्व्हरवरील फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहावा.