गृहकर्ज लवकर फेडायचंय, घरखर्च नेमका कुठं आवळावा? (कोल्हापूर)

शिरगाव_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. पाचगावात टू बीएचके घेतलाय, २०२४ च्या दिवाळीत राहायला आलो. कर्ज २५ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता २१,७०० च्या आसपास. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सुपरवायझर आहे, मिसेस घरी शिकवण्या घेतात, दोघांचं मिळून ५५ हजार होतात. घरात आई आणि दुसरीतली मुलगी.

परवा लोनचं स्टेटमेंट काढलं आणि रात्रभर झोप नाही, एवढा हप्ता भरतोय त्यातले सतरा हजाराच्या वर नुसते व्याजात जातायत आणि मुद्दल जेमतेम चार हजारानं कमी होतंय. मुलगी कॉलेजला जायच्या आसपास तरी हे संपावं अशी लई इच्छा आहे. किराणा, लाईट बिल, पेट्रोल, रविवारचं हॉटेल, महिन्याला २ हजाराची भिशी, लग्नातले आहेर, सगळीकडं थोडं थोडं जातंय. कुठं हात घालू? आणि घरच्यांचं तोंड उतरेल असलं काही करायचं नाही, आईनं आयुष्यभर काटकसरच केलीय. ज्यांनी फेडलंय किंवा फेडायला लागलेत त्यांनी सांगा.

हिशेब_राजारामपुरी

भावा, अकाउंट्सचं काम करतो म्हणून आधी आकड्यांचं सांगतो, काय कापायचं ते नंतर बघू.

२५ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं म्हणजे एकूण व्याज साधारण २७ लाख, मुद्दलापेक्षा जास्त. आता ह्याच कर्जात पहिल्यापासून दर महिन्याला ५ हजार जादा टाकले तर २० वर्षांचं कर्ज १३ वर्षांच्या आतच संपतं आणि व्याजातले जवळपास ११ लाख वाचतात. महिन्याला नाही जमलं आणि वर्षातनं फक्त एक हप्ता जादा भरला, म्हणजे दिवाळीचा बोनस आला की तो तसाच नेऊन भरला, तरी तीनेक वर्षं कमी होतात. सुरुवातीच्या वर्षात भरलेल्या पैशाला सगळ्यात जास्त ताकद असते कारण त्याच्यावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज तिथंच थांबतं, म्हणून पगार वाढल्यावर बघू, पोरगी मोठी झाल्यावर बघू असं करू नका.

फ्लोटिंग रेटच्या (म्हणजे बदलत्या व्याजदराच्या) घरकर्जाला आधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही, आरबीआयचा नियमच आहे. फक्त भरताना अर्जात स्पष्ट लिहायचं की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला तर ते हजार-पाचशे घरखर्चात कुठं विरघळतात कळत पण नाही.

अजून एक, तुमचा रेट अजून ८.५ च दिसतोय का बघा. २०२५ मध्ये रेपो रेट (आरबीआय बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ६.५० वरनं ५.२५ वर आलाय. कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर तुमचा रेट पण उतरायला पाहिजे. एमसीएलआरवर (बँक स्वतः ठरवते त्या जुन्या पद्धतीच्या दरावर) असेल तर थोडी फी भरून बदलून घेता येतं, बँकेत जाऊन विचारा, हे सगळ्या काटकसरीच्या आधी करा कारण ह्याच्यात घरात कुणाला काहीच सोडावं लागत नाही.

कळंब्याच्या_काकू

हिशेबाचं वरच्या भाऊंनी छान सांगितलं, मी स्वयंपाकघराचं सांगते. आमचं घर ह्यांच्या एकट्याच्या पगारात फिटलं, दोन पोरं शिकवून.

बाळा, रविवारचं मटण बंद करू नको. हॉटेल बंद कर. चौघं हॉटेलात बसलात की दीड-दोन हजार सहज जातात, तेवढ्यात घरी दोन रविवार होतात. अर्धा किलो मटण आणायचं, हळद-मीठ-आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं, ती जी अळणी निघते ना तिचे दोन भाग करायचे, एकात नारळाचं दूध घालून पांढरा आणि दुसऱ्यात चटणी (आपलं मसाल्याचं तिखट) आणि वाटण घालून तांबडा. फोडी वाटणीला थोड्या आल्या तरी रस्सा पोटभर होतो, चौघं जेवून संध्याकाळी भाताला उरतो. पोरीला पण वाटत नाही काय कमी केलंय म्हणून.

दुसरं म्हणजे दर महिन्याचा किराणा मॉलमधनं आणत असशील तर थांब. गहू, जोंधळा, तूरडाळ हे उन्हाळ्यात एकदम लक्ष्मीपुरीतनं भरायचं, चार-पाच उन्हं दाखवायची आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात घट्ट भरायचं, आपल्याकडचा पाऊस कसला असतो माहितीय, ऊन न दाखवता ठेवलं की श्रावणापर्यंत सोंडे झालेच म्हणून समज. रोजच्या भाताला आजरा घनसाळ लागत नाही, तो सणाला. चटणी तर विकत आणूच नका, आईला विचार, त्यांना सगळं येत असेल आणि त्यांना बरं पण वाटेल कुणीतरी विचारलं म्हणून. भाजी संध्याकाळी उशिरा कपिलतीर्थला, पोरीचे रोजचे कपडे गांधीनगरला. एवढं केलंस तरी तीन हजार कुठं गेले नाहीत.

एसआयपी_करा_राव

माझं मत वेगळं आहे. घरकर्ज हे सगळ्यात स्वस्त कर्ज, त्याच्यावर टॅक्स पण वाचतो, ते पाच हजार दर महिन्याला म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाका, २० वर्षांत जास्त होतील.

हिशेब_राजारामपुरी

टॅक्सचं ह्यांना लागू होत नाही ओ. घरकर्जाच्या व्याजाची २ लाखापर्यंतची वजावट स्वतः राहत्या घराला जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही. दोघांचं मिळून वर्षाला साडेसहा लाख येतात, वाचवायला कर आहे कुठं? एसआयपी वाईट नाही, मी पण करतो, पण तिथं किती मिळेल ते बाजार ठरवणार आणि इथं व्याज वाचणार हे पक्कं आहे. ज्याला स्टेटमेंट बघून झोप येत नाही त्यानं कर्जच आधी कमी करावं असं माझं स्पष्ट मत.

कुंभारगल्ली_शाहूपुरी

एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. सगळं उचलून कर्जात टाकायच्या आधी निदान चार-पाच महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा, एफडीत ठेवा, पण हात लावू नका. आमच्याकडं २०१९ ला पाणी शिरलं आणि २०२१ ला परत शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटाला गेली की धोक्याची पातळी, त्या दोन्ही वर्षी ती कितीतरी वर गेली. फ्रीज, गिझर, गाद्या, पोरांची वह्या-पुस्तकं, सगळं गेलं आणि हप्ता मात्र त्याच तारखेला कापला गेला. तुमचं पाचगाव उंचावर आहे, पूर नाही येणार, पण कंपनीत ले-ऑफ येतो, आईचं आजारपण येतं. कर्जात टाकलेला पैसा अडचणीला परत मागता येत नाही. आणि टर्म इन्शुरन्स नसेल तर तो आधी घ्या, कर्जाएवढा तरी.

लाईट बिलाचं, पंखे जुने असतील तर बदलताना बीएलडीसी घ्या, साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो आणि हा तीसेक. एक पंखा दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याला पंधरा-सोळा युनिट वाचतात. १०० युनिटच्या पुढचा दर एकदम चढतो त्यामुळं चार पंख्यांच्या घरात फरक चांगला दिसतो.

शिरगाव_शिफ्टवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बँकेत जाऊन आलो, कर्ज रेपोलाच जोडलेलं आहे, नवीन रेटनं हप्ता कमी करायचा की मुदत असं त्यांनीच विचारलं, मुदत कमी करा म्हणून लिहून दिलं. भिशी आहे ती चालू ठेवतो, लागली की एफडीत, एफडी पुरेशी झाली की पुढची सरळ मुद्दलात. पगार झाला की त्याच दिवशी ३ हजार वेगळे काढायचे ठरवलंय, महिनाअखेरीला उरतील म्हणून वाट बघायची नाही, मिसेसनी पण शिकवणीचे २ हजार त्यात घालते म्हणून सांगितलं.

काकू, आईला चटणीचं विचारलं तर लगेच वही काढून बसली. आम्हा चौघांना वर्षाला किती मिरची लागेल आणि कुठली घेऊ?

कळंब्याच्या_काकू

चौघांना तीन किलो पुरते. दोन किलो ब्याडगी रंगाला आणि एक किलो संकेश्वरी तिखटाला, पोरगी लहान आहे तर लवंगी घालू नका. मार्चअखेरीला घ्या, दोन-तीन कडक उन्हं द्या, डेखं खुडून मगच कांडपाला न्या, आणि बरणीत भरताना वर हिंगाचा खडा ठेवायला विसरू नका.