सेक्रेटरीपद किती वर्षं? (सोसायटी ग्रुप, रविवार रात्र)

ए-२०३ : नमस्कार मंडळी. वार्षिक सभेची नोटीस निघायच्या आत एक विषय घालायचाय. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, या पदांवर एका माणसाला सलग दोनच टर्म, म्हणजे १० वर्षं. मग एक टर्म कमिटीच्या बाहेर. कुणाचं नाव घेत नाही.

सी-१०२ : घेतलं तरी चालेल, सगळ्यांना माहितीये 😄

बी-४०४ नाना : मीच घेतो. मी. ११ वर्षं झाली. बोला पुढे.

डी-३०१ वहिनी : सासूबाई लिफ्टमध्ये अडकल्या तेव्हा नानांनीच रात्री साडेबाराला लिफ्टवाल्याला घरून उठवून आणलं होतं. बोलताना तेवढं लक्षात ठेवा.

ए-२०३ : वहिनी, कोण नाकारतंय? पण टाकी धुणारा ११ वर्षं तोच. मी दुसऱ्याचं कोटेशन आणून दिलं, ते गेलं ऑफिसच्या कपाटात. कपाटाची किल्ली नानांकडे, गच्चीची नानांकडे, मीटररूमची नानांकडे. परवा फ्यूज गेला तेव्हा नाना सातारला. दोन तास अंधारात बसलो.

बी-४०४ नाना : मेहुण्याचं तेरावं होतं.

ए-२०३ : माहितीये नाना. किल्लीला दुसरा माणूस नाही, एवढंच म्हणणं.

ई-५०१ (न्यू जर्सी) : आमच्याकडे आत्ता सकाळ, म्हणून मधे बोलतो. या राज्यात गव्हर्नरला सलग दोनच टर्म, मग चार वर्षं बाहेर. नंतर पुन्हा उभं राहता येतं. राष्ट्राध्यक्षाचं आणखी कडक, दोनदा निवडून आला की संपलं. रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, त्यानंतर १९५१ मध्ये ती घटनादुरुस्ती पक्की झाली.

बी-४०४ नाना : अमेरिकेचं अमेरिकेत. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. ११ वर्षं! महाराष्ट्र बुडाला का? आपल्या घटनेत पंतप्रधानाला नाही की मुख्यमंत्र्याला नाही अशी मर्यादा.

ए-२०३ : कारण तिथे अविश्वास ठराव आहे. बहुमत गेलं की त्याच दिवशी खुर्ची गेली. अमेरिकेत माणूस चार वर्षं हलत नाही, म्हणून बाहेरून कुंपण घालावं लागलं. आपली कमिटी पाच वर्षांची. मधे विचारणारं कोण? सभेला ६४ पैकी १४ जण येतात, त्यातले सहा चहासाठी.

सी-१०२ : समोसा पण असतो.

सी-१०२ : मी तर म्हणतो आरटीआय टाकू, सगळी बिलं बाहेर.

ए-२०३ : तो थेट सोसायटीला लागू होत नाही रे. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय, सरकारी पैशावर न चालणारी सहकारी संस्था आरटीआयखाली येत नाही. सभासद म्हणून लेखी अर्ज कर आणि हिशेब बघ. किती जणांनी केलाय आजवर?

(सी-१०२ यांनी हा मेसेज डिलीट केला)

डी-३०१ वहिनी : नियम कराल हो, पण टिकतो का? आमच्या ह्यांच्या क्रिकेटवाल्यांचं बघा ना.

सी-१०२ : हां, हा माझा विषय 😎 क्रिकेट मंडळाचा कारभार सुधारायला नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने जुलै २०१६ मध्ये मान्य केल्या. तीन वर्षांची टर्म, प्रत्येक टर्मनंतर सक्तीची विश्रांती, ७० वर्षांवरचे बाहेर. त्या डिसेंबरात शरद पवारसाहेबांनी एमसीएचं, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशनचं, अध्यक्षपद सोडलं. मग २०१८ मध्ये ती विश्रांती एका टर्मऐवजी सलग दोन टर्मनंतर झाली. २०२२ मध्ये मंडळ स्वतःच कोर्टात गेलं आणि राज्यात सहा अधिक बीसीसीआयमध्ये सहा, अशी सलग १२ वर्षं पदरात पाडून घेतली. तीनाची झाली बारा.

ई-५०१ (न्यू जर्सी) : सहकारी बँकांचंही तसंच. संचालकांना सलग ८ वर्षं होती, २०२५ मध्ये १० केली.

ए-२०३ : म्हणून मी पोटनियमात घाला म्हणतोय. कमिटीचा ठराव पुढची कमिटी फिरवते. पोटनियम बदलायला सभेत दोन तृतीयांश मतं लागतात, वर निबंधकाची मंजुरी.

डी-३०१ वहिनी : आणि नाना उतरले की काकूंना उभं केलं तर? आमच्या गावी सरपंचबाई स्वयंपाकघरात आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. ग्रामसभेत तोच बोलतो.

बी-४०४ नाना : मी काकू लिहितेय, ह्यांच्या फोनवरून. मला नकोय ते. दिवाणाखाली सोसायटीच्या फायलींचे तीन गठ्ठे आहेत, झाडू आत जात नाही. आधी ते न्या कुणीतरी.

सी-१०२ : 😂😂

ए-२०३ : हीच खरी गोम. पद सोडलं आणि फायली, बँकेचा पासवर्ड, कंत्राटदारांचे नंबर घरीच राहिले, तर नवा सेक्रेटरी रोज नानांच्या दाराची बेल वाजवणार. म्हणून ठरावात दुसरी ओळ : मुदत संपल्यावर १५ दिवसांत सगळं दफ्तर यादी करून, सही घेऊन सोपवायचं. तिसरी : २५,००० च्या वरच्या कामाला तीन कोटेशनं, आणि ती नोटीस बोर्डावर.

बी-४०४ नाना : आता मी. कोटेशन कपाटात आहे, हरवलेलं नाही. तुझा माणूस ४०० रुपयांनी स्वस्त होता, पण वरची टाकी धुणार नाही म्हणाला. तुला सांगायचं राहिलं, ही माझी चूक. दोन वर्षांपूर्वी सोडतो म्हणालो तेव्हा एकही हात वर झाला नव्हता. सी-१०२, तू होतास.

सी-१०२ : तेव्हा कामाचं प्रेशर होतं नाना.

बी-४०४ नाना : आता?

सी-१०२ : आता पण थोडं आहे 🙏

डी-३०१ वहिनी : मी बघते. पण एकटी नाही. जॉइंट सेक्रेटरी द्या आणि पहिले तीन महिने नाना सोबत बसतील.

ए-२०३ : सोबत बसतील, सही करणार नाहीत.

बी-४०४ नाना : मान्य. ठराव तू लिही, मांडतो मी. अनुमोदक?

सी-१०२ : हे मी करू शकतो.

बी-४०४ नाना : मीटररूमची दुसरी किल्ली वॉचमनकडे दिली आत्ता, केबिनमध्ये घड्याळाखालच्या खिळ्याला आहे. गच्चीची उद्या करून आणतो, चावीवाला सोमवारी बसतो.