हूवरची दुसरी बाजू: पिठाची पोती

हर्बर्ट हूवर म्हणजे १९२९ च्या मंदीत हात टेकलेला अमेरिकेचा अध्यक्ष, एवढंच सहसा सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण त्याआधीचा माणूस वगळून कसं चालेल?

नवव्या वर्षी पोरका झालेला मुलगा, १८९५ साली स्टॅनफर्डच्या पहिल्या तुकडीतून भूगर्भशास्त्र शिकून बाहेर पडला. मग ऑस्ट्रेलिया-चीनमधल्या खाणी, पैसा वगैरे. खरी गोष्ट १९१४ ची, पहिल्या महायुद्धातली. जर्मन फौजांनी व्यापलेल्या बेल्जियममध्ये अन्नाचा तुटवडा पडला, तेव्हा त्यानं जहाजांनी धान्य-पीठ पोचवण्याची जबाबदारी घेतली. दोन्ही बाजूंच्या सरकारांना पटवून!

आम्ही सोलापूरचे, चादरी-टॉवेलवाले, त्यामुळे मला भावलं ते वेगळंच. पीठ यायचं सुती पोत्यांतून. कापूस दारूगोळ्यालाही लागतो, म्हणून रिकाम्या पोत्यांचाही हिशोब ठेवत. बेल्जियमच्या बायकांनी त्याच पोत्यांवर गिरणीच्या छापील अक्षरांवरून रंगीत धाग्यांनी भरतकाम केलं आणि आभार म्हणून कितीतरी परत पाठवली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हूवर संग्रहालयात ती आजही आहेत.

आमच्या आजीनं ७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्लेली. ‘भाकरी थापली की चिरायची,’ म्हणून नाक मुरडायची, पण पोतं मात्र धुऊन पायपुसणं केलं होतं. भरतकामाला सवड कुठली, दिवसभर खडी फोडायची!

आणि हो, अध्यक्षपदाचा पगार हूवरनं स्वतःसाठी ठेवला नाही, तो वाटून टाकला. मंदीतल्या बेघरांच्या झोपड्यांना ‘हूवरव्हिल’ नाव पडलं ते याच माणसावरून.