मदत हवी आहे: पणजोबांची बोट नक्की कधी बुडाली?

वैतागलेला_बोरिवलीकर
पणजोबा बोट बुडून गेले. बोटीवरच कामाला होते. तारीख कुठे मिळेल? पितृपक्ष पंधरा दिवसांवर आलाय आणि आत्याने यंदा डोकं खाल्लंय की दरवर्षी सर्वपित्रीला ढकलता, एकदा तिथी शोधून काढा. गुगल करून झालं, टायटॅनिकच्या पुढे काही सरकत नाही. कृपया इतिहासाचे निबंध नकोत, फक्त तारीख हवी. जरा लवकर.

दर्याकिनारी
रामदास. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती, गटारी अमावास्या होती. म्हणजे तिथी पण मिळाली. आमच्या आळीतले दोघे त्यात गेले.

वैतागलेला_बोरिवलीकर
अहो, पणजोबा! १९४७ ला माझे आजोबाच बत्तीस वर्षांचे होते. आणि ते प्रवासी नव्हते, कामाला होते असं लिहिलंय वर.

जुनी_आगबोट
मग विजली. खरं नाव वैतरणा, दिव्यांमुळे लोक विजली म्हणायचे. ८ नोव्हेंबर १८८८, कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना वादळात गेली, एक माणूस हाती लागला नाही. तिच्यावर मी सविस्तर लेख लिहिलाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर दुवा देतो.

खवचट_खान
आजोबांच्या जन्माआधी सत्तावीस वर्षं पणजोबा बुडाले? लेख राहू दे, आधी वजाबाकी करा.

सुखाणी_निवृत्त
बोरिवलीकर, निबंध नकोत म्हणता, पण तुम्ही सांगितलंय काय? कंपनी कुठली? बोट किनाऱ्याची की विलायतेची? पणजोबा डेकवर की इंजिनात की भंडाऱ्याच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, हाताखाली? गाव? यातलं काहीच नसेल तर तारीख काय ज्योतिषाला विचारायची? मी एकतीस वर्षं समुद्रावर काढली आहेत, पण मनकवडा नाही.

वैतागलेला_बोरिवलीकर
सॉरी काका. गाव गुहागर तालुक्यात. गोऱ्यांची मोठी बोट होती, विलायतेहून मुंबईला येताना बुडाली. पहिल्या महायुद्धात. मला वाटलं मी लिहिलंय.

जुनी_आगबोट
नव्हतं लिहिलं. पहिलं महायुद्ध आणि मुंबईला येताना, म्हणजे मंगोलिया, शंभर टक्के. पी अँड ओ कंपनीची. २३ जून १९१७. जर्मनांच्या वुल्फ नावाच्या जहाजाने मुंबईच्या बाहेर गुपचूप सुरुंग पेरून ठेवले होते, त्यातल्या एकावर ही आदळली. साध्या मालवाहू बोटीचं सोंग घेतलेलं जहाज, कॅप्टन नेर्गर. त्यावर छोटं विमानसुद्धा होतं, लहान लांडगा म्हणायचे त्याला. हे वुल्फ थेट हिंदी महासागरात...

वैतागलेला_बोरिवलीकर
काका, निबंध.

खवचट_खान
१९१५ मध्ये पण बोटी बुडत होत्या बरं का. सगळ्या बोटी तुमच्या आवडत्या लांडग्यानेच खाल्ल्या असं नाही.

कूडकार_फोंडा
मंगोलियावर फार माणसं गेली नाहीत, वीस-पंचवीस. त्यामुळे शंभर टक्के म्हणू नका. आमचे गोव्याचे लोक या सगळ्या बोटींवर सलूनमध्ये, म्हणजे वाढपी, आचारी. धोबीतलावला गावकऱ्यांच्या कुडीत, म्हणजे गावाने चालवलेल्या खोल्यांत, राहायचे, बोट मिळाली की निघायचे. तुमच्याकडचे रत्नागिरी बाजूचे जास्त करून डेकवर. सारंगाने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, गावातून माणसं उचलून आणायची अशी पद्धत. त्यामुळे तुमच्या गावातले आणखी कोण त्याच बोटीवर होते ते शोधा. एकाच्या घरी तारीख मिळाली की सगळ्यांची मिळाली.

सुखाणी_निवृत्त
हा मुद्दा बरोबर. आणि घरात बोटीचं नाव काय घेतात? नाव म्हणजे नाव, 'मोठी बोट' नव्हे.

वैतागलेला_बोरिवलीकर
आजोबा 'पर्शा' म्हणायचे. 'बाबा पर्शात गेले.' आम्हाला वाटायचं पर्शा म्हणजे बोटीचा सारंग असेल, परशुराम वगैरे. आजोबा तेव्हा काही महिन्यांचे होते, त्यांनी बापाला पाहिलंच नाही.

सुखाणी_निवृत्त
अरे देवा. हे सातव्या प्रश्नाला सांगताय! पर्शा म्हणजे पर्शिया. पी अँड ओचीच, १९०० साली बांधलेली. लंडनहून मुंबईला येत होती. ३० डिसेंबर १९१५, क्रीट बेटाच्या दक्षिणेला यू-३८ या जर्मन पाणबुडीने इशारा न देता टॉर्पेडो मारला. दुपारी एकच्या सुमारास, लोक जेवायला बसलेले. पाच-दहा मिनिटांत खलास. ५१९ माणसं होती, ३४३ गेली.

दर्याकिनारी
यातच तो कपूरथळ्याच्या महाराज जगतजितसिंगांचा खजिना होता ना? महाराज मार्सेयला उतरले आणि वाचले, जडजवाहीर बोटीत राहिलं. २००३ मध्ये काढायला गेले होते, जवळपास तीन हजार मीटर खोल. काही माणकं मिळाली म्हणतात. तुमच्या पणजोबांचा त्यात काही हिस्सा?

वैतागलेला_बोरिवलीकर
हो, मी माणकं विकूनच बोरिवलीत वन बीएचके घेतला.

आई_इन_ठाणे
थोडं अवांतर, माफ करा. माझ्या मुलाला बारावीनंतर मर्चंट नेव्हीत जायचंय, चष्म्याचा नंबर दीड आहे, चालतो का? इथे जाणकार दिसतात म्हणून विचारलं.

जुनी_आगबोट
ताई, वेगळा धागा काढा. बोरिवलीकर, 'पर्शा'वरून पर्शिया हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. कोकणात नावांचं काय काय होतं ते मला विचारा. मी अजूनही मंगोलियावर ठाम आहे.

खवचट_खान
मंगोलियाचं पर्शा होत असेल तर माझं नाव महाराज जगतजितसिंग.

सुखाणी_निवृत्त
पुरावा हवा ना? दोन ठिकाणी मिळेल. एक, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर मृत्यूची तारीख ३०-१२-१९१५ टाका आणि स्मारक 'बॉम्बे १९१४-१९१८' निवडा. आडनाव टाकूच नका, खलाशांची नुसती नाव आणि बापाचं नाव अशी नोंद असते, तीही साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी. ते स्मारक मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही असे दोन हजारांवर खलाशी त्यावर आहेत. बोरिवलीहून दादरला गाडी बदला आणि मशीदला उतरा.
दोन, घरात पैशांचा काही कागद आहे का? तेव्हाच्या कायद्यात बोट बुडाली की त्या दिवशी खलाशाचा पगार बंद. माणूस पाण्यात हातपाय मारत असला तरी कंपनीच्या लेखी नोकरी संपलेली. १९२० च्या जिनोआ परिषदेत कुठे ठरलं की बोट बुडाल्यावर वाचलेल्यांना दोन महिन्यांपर्यंत भरपाई द्यावी. तेव्हा विधवेला मिळालेला हिशेब कुठल्या तारखेपर्यंतचा आहे ते बघा. तीच तुमची तारीख.

वैतागलेला_बोरिवलीकर
कागद वगैरे काही नाही. माळ्यावर त्यांची एक पत्र्याची नळी आहे फक्त, टोपण गंजून बसलंय. लहानपणी आम्ही तिचा टेलिस्कोप करायचो.

सुखाणी_निवृत्त
तुम्ही माझा रक्तदाब वाढवणार. नळी म्हणजेच खलाशाचे कागद! नोकरीचा दाखला त्या नळीत ठेवायचे म्हणून दाखल्यालाच नळी म्हणायचे. उघडा ती.

जुनी_आगबोट
नळी कामावर जाताना सोबत जाते. घरी राहिली म्हणजे गृहस्थ त्या फेरीला गेलेच नाहीत. पर्शिया बाद.

कूडकार_फोंडा
दाखला सोबत जातो हो, रिकामी जुनी नळी कशाला नेईल? आमच्या मामाच्या नळीत मामी लग्नाची पत्रिका ठेवायची. टोपणाला खोबरेल तेल लावून रात्रभर उलटं ठेवा. पक्कड लावू नका, पत्रा फाटतो आणि आतला कागदही.

वैतागलेला_बोरिवलीकर
उघडली. (पक्कड लावली. टोपणाचा तुकडा पडला, आत्याला सांगू नका.) आत दाखला नाही. घडी घातलेला एकच कागद, घड्यांवर चिरलेला. इंग्रजी छापील, मधे शाईने भरलेलं. वरचं नाव पणजीचं, पुढे 'विडो ऑफ'. बोटीच्या नावातलं मधलं अक्षर उडालंय पण पर्शियाच आहे. 'वेजेस टू' पुढे ३० डिसेंबर १९१५. खाली निळा पुसट अंगठा. रक्कम वाचता येत नाही, घडी नेमकी त्यावर आलीय.
काका, तुमचं बरोबर होतं. साइटवर त्या तारखेला त्यांच्या नावाचे तिघे आहेत, बापाच्या नावावरून एक जुळतोय. शनिवारी मशीदला जातोय.

सुखाणी_निवृत्त
कागद सरळ करायला इस्त्री फिरवू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको. आणि शनिवारी जाण्याआधी फोन करून विचारा.

पंचांगप्रेमी
शके १८३७, मार्गशीर्ष वद्य नवमी. म्हणजे पितृपक्षातल्या नवमीला करा.

आई_इन_ठाणे
नवमी ही अविधवा नवमी ना? ती सवाष्ण गेलेल्या बायकांची. पुरुषांचं कसं करणार?

पंचांगप्रेमी
ताई, नवमीला गेलेल्या पुरुषाचंही नवमीलाच होतं.

जुनी_आगबोट
नवमी तरी कशावरून? बोट क्रीटला बुडाली, घड्याळ तिथलं धरणार की गुहागरचं? दुपारी दशमी लागली असेल तर?

तात्या_गुरुजी
हा धागा आज पाहिला. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं पितृपक्षात चतुर्दशीला करतात, मृत्यूची तिथी कुठलीही असो. घातचतुर्दशी म्हणतात ती हीच. टॉर्पेडो हे शस्त्रच. तेव्हा तिथी शोधायची गरजच नव्हती.

वैतागलेला_बोरिवलीकर
गुरुजी, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं.
आत्याला सगळं वाचून दाखवलं. चतुर्दशीला तयार आहे. आता विचारतेय की पणजीला पैसे किती मिळाले. घडीखालचं वाचता येईल असं कोणी करून देतं का मुंबईत? लवकर सांगा.