कोलारच्या खाणीत अजून सोनं शिल्लक आहे का?

मातीवेडा: केजीएफ, म्हणजे कर्नाटकातली कोलार गोल्ड फील्ड्स ही सोन्याची खाण, २००१ ला बंद झाली, मग सोनं संपलं म्हणून की परवडेना म्हणून? कोणी नीट सांगेल का?

खडकखोद: संपलं नाही हो, परवडेनासं झालं. १८८० मध्ये जॉन टेलर ही ब्रिटिश खाण कंपनी आली तेव्हापासून बंद होईपर्यंत तिथून साधारण ८०० टन सोनं निघालंय. सुरुवातीला टनभर दगडामागे ४०-४५ ग्रॅम मिळायचं, शेवटी ३ च्या आसपास आलं, आणि तेही ३ किलोमीटरपेक्षा खोल जाऊन. तिथला दगड हाताला चटका बसेल इतका गरम, ६० डिग्रीच्या पुढे, त्यात दाबाने खडक अचानक फुटायचा आणि माणसं जायची. तेवढ्या खोलवर हवा थंड करून सोडायची, पाणी उपसायचं, एवढा खर्च कुठून निघणार?

मातीवेडा: मग आता काहीच होणार नाही?

सायनाइडचे डोंगर: खाली उतरायचं सोडा, वरचं बघा ना. दगड दळून सोनं काढल्यावर उरलेल्या राखाडी भुकटीचे डोंगर पडलेत, ३ कोटी टनांच्या वर. टनामागे पाऊण ग्रॅमच्या आसपास धरलं तरी २० टनांहून जास्त होतं, सगळं हाती लागणार नाही पण खोदाई नाही, दळणही बरंचसं झालेलंय. माझं मत विचाराल तर आधी हेच करावं, कारण वारा सुटला की ती भुकटी तिथल्या लोकांच्या घरात, नाकातोंडात जाते.

खडकखोद: बरोबर, आणि नोकऱ्या तिथल्याच खाणकामगारांच्या पोरांना द्या.