शब्दचर्चा: बिल्डला 'बांधणी' म्हणावं का?

प्रश्न
रॅबिटएमक्यू हा प्रोग्रामांमधले संदेश पोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम (ब्रोकर) आहे. त्याच्याशी सी भाषेतून बोलण्यासाठीची रॅबिटएमक्यू-सी ही मुक्तस्रोत क्लायंट लायब्ररी मूळ कोडपासून तयार करून लिनक्सवर कशी वापरात आणायची, याची मराठी पुस्तिका लिहिते आहे. वाचणारी मुलं डिप्लोमाची आहेत. बिल्डला 'बांधणी' आणि इन्स्टॉलला 'स्थापना' असे शब्द योजले आहेत. चालतील का? क्लायंट, लायब्ररी आणि अ‍ॅक (संदेश मिळाल्याचं कळवणं) यांना काय म्हणावं?

प्रतिसाद
ताई, 'बांधणी' बिल्डवर खर्च करू नका. तो शब्द याच विषयात दुसरीकडे लागणार आहे. एएमक्यूपी 0-9-1 मध्ये, म्हणजे रॅबिटएमक्यू ज्या नियमांनी संदेशांची देवाणघेवाण करतो त्यांत, पाठवणारा आपला संदेश एक्स्चेंजच्या (संदेश रांगांत वाटणाऱ्या भागाच्या) हाती देतो. कोणती रांग त्या एक्स्चेंजला कोणत्या कीने बांधली आहे, यावरून तो कुठे जायचा ते ठरतं. या बांधण्याला बाइंडिंग म्हणतात. पहिल्या प्रकरणात बांधणी म्हणजे बिल्ड आणि चौथ्यात बाइंडिंग, असं झालं तर मुलं गोंधळतील.

बिल्डला 'घडवणे' म्हणा. सीमेक (घडवण्याची तयारी करणारा प्रोग्राम) आधी कंपायलर आहे का, ओपनएसएसएल (कूटबद्ध जोडणीसाठीची लायब्ररी) आहे का ते पाहतो आणि घडवण्याच्या सूचनांच्या फायली लिहितो. ही 'पूर्वतयारी'. मग कंपायलर एकेका सी फायलीची ऑब्जेक्ट फाइल करतो आणि लिंकर त्या सगळ्या जोडून लायब्ररी तयार करतो. हे 'घडवणे'. "लायब्ररी घडवा", "घडवताना त्रुटी आली" ही वाक्यं कानाला खटकत नाहीत. ऑफिसात सगळे "बिल्ड मारला"च म्हणतात, ते बोलण्यापुरतं ठीक.

प्रतिसाद
'स्थापना' संस्थेची होते, घटाची होते. सॉफ्टवेअर आपण बोलताना 'टाकतो', लिहिताना 'बसवतो'. मला 'बसवणे' फार नेमका वाटतो. इन्स्टॉलची आज्ञा मुख्यतः घडलेल्या फायली ठरल्या जागी नेऊन ठेवते. वेगळं काही सांगितलं नसेल तर ती जागा यूएसआर-लोकल या फोल्डरखाली असते. पण त्यानंतर लायब्ररींची नोंद ताजी करणारी एलडीकॉन्फिग ही आज्ञा चालवली नाही, तर लायब्ररी डिस्कवर असूनही प्रोग्राम सुरू होताना ती सापडत नाही, अशी तक्रार येऊ शकते. नवं दार चौकटीत नुसतं उभं केलं म्हणजे बसवलं असं आपण म्हणत नाही, त्याची उघडझाप व्हावी लागते. म्हणून पुस्तिकेत 'फायली जागेवर ठेवणे' आणि 'लायब्ररी बसवणे' हे वेगळं लिहा.

आणि डेबियन-उबुंटूवर लिब्रॅबिटएमक्यू-डेव हे तयार पॅकेज मिळतं हे पहिल्याच पानावर सांगा. ज्याला फक्त वापरायची आहे त्याला घडवायची गरज नाही.

प्रश्नकर्ती
आभार, 'घडवणे' आणि 'बसवणे' पक्के. डिपेन्डन्सीला 'अवलंबित्व' लिहिलं होतं, पण "ओपनएसएसएल हे अवलंबित्व आहे" हे वाक्य मलाच वाचवेना.

प्रतिसाद
नाम शोधूच नका. "आधी काय लागेल" असं शीर्षक द्या आणि खाली सांगा: सी कंपायलर, सीमेक, ओपनएसएसएल. कूटबद्ध जोडणी नको असेल तर पूर्वतयारीच्या वेळी तो पर्याय बंद करता येतो, मग ओपनएसएसएल लागत नाही.

क्लायंटला 'ग्राहक' नको, कारण कन्झ्युमरलाही (संदेश घेणाऱ्या प्रोग्रामलाही) मराठीत ग्राहकच म्हणतात, आणि संदेश नुसता पाठवणारा प्रोग्रामही क्लायंटच असतो. क्लायंट आणि लायब्ररी तसेच राहू द्या. 'ग्रंथालय घडवा' वाचून मुलं विटा शोधायला जातील.

अ‍ॅकसाठी मात्र आपल्याकडे घरचा शब्द आहे: पोच. पत्राची पोच देतात तशीच संदेशाची. "पोच न देता जोडणी तुटली, तर ब्रोकर तो संदेश पुन्हा रांगेत लावतो." यात काही समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्नकर्ती
पोच! हाच घेते. मग नॅकला, म्हणजे संदेश स्वीकारला नाही असं कळवण्याला?

प्रतिसाद
'नाकारणे'. पण नाकारलेला संदेश पुन्हा रांगेत लावायचा की सोडून द्यायचा, हे नाकारतानाच सांगता येतं. तेव्हा "नाकारून परत रांगेत लावा" आणि "नाकारून सोडून द्या" अशी पूर्ण वाक्यं लिहा.