हिरड्यातून रक्त येतंय, काय करू?

सिडकोकर: महिना झाला, ब्रश केला की बेसिनमध्ये लाल थुंकी, काल पेरू चावला तर त्याच्यावरपण रक्त, दुखत मात्र काहीच नाही. स्केलिंगने, म्हणजे डेंटिस्टकडून दात साफ करून घेतल्याने, दात हलतात म्हणे, खरंय का?

पंचवटीवाला: उलटंय भाऊ. दातावरचा मऊ थर निघाला नाही की काही दिवसांत त्याचं दगडासारखं कीटण होतं, ते ब्रशने जात नाही, काढल्यावर फटी मोकळ्या होतात म्हणून तसं वाटतं. नुसती सूज असेल तर बरी होते, आतलं हाड झिजलं की आपोआप भरून येत नाही.

गोदाकाठ: रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, सॉफ्ट घ्या, दिवसातून दोनदा, 2 मिनिटं. आमच्या आईची मिश्री सोडवताना नाकी नऊ आले! आणि शुगर तपासा, तिचाही हिरड्यांशी संबंध असतो.

सिडकोकर: शुगर आहेच की... उद्याच डेंटिस्टकडे जातो.